लाइन गेली नव्हती

दारव्ह्याकडच्या एका खेड्यातलं कुटुंब. नवरा-बायको, म्हातारी आई, आठवीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. नागपुरात लग्न होतं आणि लग्नवाल्यांनी गणेशपेठेतल्या एका लॉजवर पाहुण्यांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एसटी पोचली रात्री साडेअकराला. काउंटरवरच्या माणसानं झोपेतच रजिस्टर पुढे सरकवलं, आधार कार्डांचे फोटो काढले, लांब प्लास्टिकची पट्टी लटकवलेली किल्ली हातात दिली आणि बोटानं जिना दाखवला. खोली उघडली तर आत अंधार. सगळी बटणं दाबून झाली. दिवा नाही, पंखा नाही. एप्रिलचा शेवटचा आठवडा. त्यांनी खिडकी उघडली, मोबाइलच्या उजेडात अंथरूण पाहिलं, म्हातारीला खिडकीशी निजवलं आणि रात्रभर गमच्यानं वारा घेत, डास मारत पडून राहिले. सकाळी रूमबॉय चहा घेऊन आला. त्यानं खुंटीवरची किल्ली काढली, तिची पट्टी दाराशेजारच्या खाचेत सारली आणि ट्यूब, पंखा, टीव्ही सगळं एकदम बोंबलत सुरू झालं.

"बाहेर तं पॅसेजमध्ये लाइट होता नं काका, मंग खाली येऊन सांगाचं होतं."

"आमाले वाटलं, आमच्या इकडचा फेज गेला. येईन थोड्या वेळानं. अन् थो खालचा माणूस निजेल होता, कायले उठवा त्याले."

रूमबॉयनं ही गोष्ट हसत सांगितली, ऐकणारेही हसले. माझं मन मात्र त्या फेजपाशी अडकलं. ज्या माणसाची अर्धी हयात विहिरीवरच्या मोटरीसाठी थ्री-फेजची वाट पाहण्यात गेली, कधी रात्री दोनला उठून पाणी द्यायला जाण्यात गेली, त्याला शेजारी दिवा आणि आपल्याकडे अंधार यात नवल वाटत नाही. त्याचा तर्क अगदी शास्त्रशुद्ध होता. चुकलं एवढंच की त्या भिंतीत एक खाच होती आणि तिच्याबद्दल त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खोलीतलं माणूस बाहेर गेलं की वीज आपोआप बंद व्हावी म्हणून हॉटेलवाले ही सोय करतात. दारातून आत शिरल्यावर हाताशी, छातीच्या उंचीवर बसवलेली. किल्लीची पट्टी किंवा कार्ड आत सारलं की मेन चालू. काढलं की अर्ध्या-एक मिनिटात सगळं बंद, तेवढ्यात बाहेर पडून कुलूप लावता यावं म्हणून. पट्टी काढून घेतली की चार्जिंगला लावलेले मोबाइलही बऱ्याच ठिकाणी थांबतात, आणि संध्याकाळी परत आल्यावर "चार्जर बिघडलं" म्हणून आरडाओरडा होतो. दोन किल्ल्या मिळतात का विचारावं. मिळाल्या तर एक खाचेत, एक खिशात.

आपल्याकडे मुळात शब्दापासूनच घोटाळा आहे. गावात हॉटेल म्हणजे बसस्टँडवरचं टिनाचं शेड, कढईत आलूबोंडा, काचेच्या कपाटात शेव आणि सकाळी तर्रीपोहे. "हॉटेलात बसला असंन" याचा अर्थ तो चहा पीत बसलाय. मुक्काम करायचा तो लॉजवर, आणि लॉज या शब्दाकडे घरातल्या बायका जरा संशयानंच पाहतात. बाहेरगावी मुक्काम म्हणजे नातेवाइकाचं घर, नाहीतर शेगावचं भक्तनिवास. शेगावची शिस्त आपल्याला तोंडपाठ आहे: रांगेत लागा, ओळखपत्र दाखवा, मिळेल ती खोली घ्या, कुठे कागद टाकू नका, सेवेकरी हात जोडून "माऊली" म्हणतो तेव्हा आपणही आवाज खाली आणा. तिथं कोणी काही मागत नाही. मागायची गरज पडत नाही आणि देवाच्या दारात मागणं बरंही वाटत नाही. नातेवाइकाच्या घरी तर पाहुण्यानं तोंड उघडायचंच नसतं. घरच्यांनी ओळखायचं, तांब्या पुढे करायचा, बाज अंगणात टाकायची, उशी हवी का विचारायचं. पाहुण्यानं स्वतःहून उशी मागितली तर त्या घरची सून वर्षभर ऐकून घेते.

ही सगळी सवय अंगात घेऊन माणूस हॉटेलच्या खोलीत येतो. तिथं न मागणाऱ्याला कोणी काही देत नाही. कोणाच्या मनात वाईट असतं असं नाही. त्या धंद्यात पाहुणा गप्प आहे याचा अर्थ पाहुण्याला हवं ते मिळालंय.

म्हणून खोलीत शिरल्यावर बॅगा ठेवायच्या आधी फोन शोधावा. पलंगाशेजारी असतो. त्यावर किंवा बाजूच्या छापील कार्डावर काउंटरचा आकडा असतो, बहुतेक ठिकाणी ९ किंवा ०. आपला मोबाइल असला तरी हाच फोन वापरावा, कारण तो उचलणाऱ्याला खोली नंबर आपसूक दिसतो किंवा त्यानं तो विचारायचाच असतो. बोलायचं कसं, याचीही धास्ती असते. इंग्रजीची गरज नाही. "दोनशे चारमधून बोलतोय, एक गादी आणि दोन पांघरुणं पाठवा," एवढं पुरे. जादा उशी, पांघरूण, टॉवेल, बादली-मग, साबण, पिण्याचं गरम पाणी, हे मागितल्याचे सहसा पैसे पडत नाहीत. जादा गादीचे पडतात, आणि किती ते आधीच विचारायचं असतं. दहा मिनिटांत आलं नाही तर पुन्हा फोन करावा. दुसऱ्यांदा फोन केल्यानं कोणी रागावत नाही, पहिला निरोप खाली विसरला गेलेला असतो इतकंच.

खरं तर विचारायचं ते घरून निघायच्या आधीच. "पाच जण आहोत" असं सांगून भागत नाही. तीन मोठे, दोन लहान, मुलांची वयं तेरा आणि चार, असं सांगावं. साधारण पाच-सहा वर्षांखालचं मूल आईबापाच्या पलंगावर फुकट, त्याहून मोठ्याला गादीचे पैसे, आणि बारा वर्षांपुढचा मोठा माणूस, असा सर्वसाधारण रिवाज. पण प्रत्येक ठिकाणी आकडे वेगळे. एका खोलीत तीन मोठ्यांच्या वर बहुतेक घेत नाहीत. आपण सात जण एका खोलीत झोपू शकतो, झोपलेलो आहोत, पण काउंटरवर तो वाद रात्री घालू नये. दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक ठिकाणी चेक-इन दुपारी बाराला आणि चेकआउट अकरा-बाराला, म्हणजे सकाळी सहाच्या गाडीनं उतरलात तर खोली तयार नसेल, किंवा आदल्या दिवसाचे पैसे मागतील. बॅगा काउंटरवर ठेवून तोंड-हात धुवायला जागा द्या म्हटलं तर बहुतेक देतात. स्टँड-स्टेशनच्या आसपासच्या काही लॉजवर मात्र "चोवीस तास" चालतं: ज्या वेळेला आलात, दुसऱ्या दिवशी त्या वेळेपर्यंत खोली तुमची. मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंट दाखल आहे आणि नातेवाइक आठ-आठ दिवस राहतात, त्यांना या दोन पद्धतींतला फरक चांगलाच कळतो. रात्री साडेअकराला आलेल्या माणसाला बाराच्या हिशेबात अर्धा दिवस मिळतो आणि चोवीस तासांच्या हिशेबात पूर्ण. पैसे तेवढेच.

ओळखपत्र सगळ्या मोठ्या माणसांचं लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. म्हातारीचं आधार कार्ड घरी ट्रंकेत राहतं आणि मग गावात फोनाफोनी सुरू होते. पॅन कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स द्यायची नसेल तर मास्क्ड आधार काढून ठेवावं. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

आता एसीकडे येऊ, कारण विदर्भातल्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथं होते. आपण कुलरवर वाढलेलो. कुलर बाहेरची गरम हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, पाणी उडतं, हवा गार होते आणि ओली होते. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत चिकचिक होते, म्हणून कुलर लावला की समोरची खिडकी उघडायची, हे आपल्याला पाळण्यातच कळलेलं असतं. एसीचं काम उलटं. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून गार करतो आणि तिच्यातलं पाणी काढून टाकतो. खिडकी उघडी राहिली तर तो रात्रभर आख्खं नागपूर गार करायच्या नादात घरघरत राहतो आणि खोली तापलेलीच. मग "एसी फालतू आहे" म्हणून तक्रार. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाथरूमचं दार लोटलेलं, आणि पंखा एकवर. रिमोटवर बर्फाच्या पाकळीची खूण दिसली पाहिजे. पंख्याची खूण असेल तर एसी नुसताच वारा टाकतोय. सोळावर लावल्यानं खोली लवकर थंड होते हा गैरसमज आहे. साध्या कॉम्प्रेसरचा एसी चालू असताना एकाच जोरानं चालतो, सोळा लावलं तर फक्त थांबत नाही, आणि पहाटे तीनला सगळं घर कुडकुडत उठतं. नव्या एसीला सुरुवातीलाच चोवीस येतं, २०२० पासून तसा नियमच आहे, आणि चोवीसवर लहान मूल आणि म्हातारं माणूस दोघंही नीट झोपतात. वारा थेट अंगावर येत असेल तर "स्विंग" दाबून पट्ट्या वर वळवाव्यात.

बाथरूममध्ये पहिली आंघोळ कपड्यांसकट होते. नळ म्हणून जी दांडी फिरवली ती शॉवरची निघते आणि लग्नासाठी नेसलेलं नवं लुगडं भिजतं. मिक्सरला मधे एक कळ किंवा ओढायची गुंडी असते, ती पाणी खालच्या नळाला की वरच्या शॉवरला ते ठरवते. आदल्या माणसानं ती वर करून ठेवलेली असते. बाजूला उभं राहून, हात लांब करून नळ उघडावा. डावीकडे गरम, उजवीकडे थंड हा रिवाज. पण मिस्त्रीनं उलट जोडलेलंही सापडतं, म्हणून लेकराला नळाखाली उभं करायच्या आधी आपला हात घालावा. गिझर बहुधा पंधरा लिटरचा. बटण दाबल्यापासून पंधरा-वीस मिनिटं, लाल दिवा विझला की पाणी तापलं. हिवाळ्यात टाकीचं पाणीच गारठलेलं असतं, तेव्हा त्या पंधरा लिटरमध्ये विसण घालून आंघोळीजोग्या दोनच बादल्या होतात. तिसऱ्यानं लगेच नळ उघडला तर थंड पाणी येणारच. गिझर बिघडलेला नसतो. दोघांमागे पंधरा मिनिटं थांबायचं, आणि लग्नघाईत म्हाताऱ्या माणसाचा नंबर पहिला लावायचा. सोलरचं पाणी असेल तर ते सकाळी ठरावीक वेळेलाच सोडतात, ती वेळ रात्रीच विचारून ठेवावी.

कमोडवर उकिडवं बसू नये. हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिलंच पाहिजे. ते भांडं चिनी मातीचं असतं, वरचं वजन कडेवर आलं की तडकतं, आणि तुटलेल्या चिनी मातीची धार विळ्यापेक्षा वाईट. जुन्या लॉजवर एक-दोन खोल्यांना देशी संडास असतो, हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगावं. फ्लशला दोन बटणं असतात, लहान कमी पाण्याचं, मोठं जास्तीचं. पॅड, लंगोट, खर्‍याची (सुपारी-तंबाखूची) पन्नी यातलं काहीही आत टाकायचं नाही.

आणि खर्‍याचा विषय निघालाच आहे तर. वॉशबेसिनमध्ये थुंकू नका. थुंकीनं डाग पडतो तो वेगळा, पण खरी अडचण सुपारीची. बेसिनखाली वाटीसारखा एक भाग असतो, वास वर येऊ नये म्हणून त्यात पाणी साठून राहतं. सुपारीचे तुकडे नेमके तिथं जाऊन बसतात, त्यावर केस अडकतात, साबण बसतो आणि दुसऱ्या दिवशी बेसिन तुंबतं. प्लंबरचे पैसे बिलात येतात आणि पुढं काउंटरवर जे होतं ते बायको-मुलांसमोर होतं. कचऱ्याची बादली आहे, तिच्यात पन्नी बांधून टाका. बाल्कनीतून खाली तर नकोच नको, खाली रिसेप्शनचा बोर्ड असतो.

पलंगावरची पांढरी चादर पाहून आपल्या बायका अंग चोरून कडेवर निजतात. काहींनी घरची चादर वर अंथरलेली पाहिली आहे, आणि त्यात काही वावगं नाही. हळद, मेंदी, आलता आणि डोक्याचं तेल यांचे डाग पांढऱ्यावरून निघत नाहीत, आणि काही ठिकाणी त्याचे पैसे लावतात. लग्नाच्या खोलीत हळदीचं अंग घेऊन थेट पलंगावर बसण्यापेक्षा आपली जुनी चादर बरी. रजई असेल तर तिच्या आणि खालच्या चादरीच्या मधे एक पातळ चादर असते, तिन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली. लोक त्या सगळ्याच्या वर झोपतात आणि रात्री थंडी वाजते. उशीकडून ओढून ती सैल करायची आणि मधे शिरायचं. टॉवेलांत जो जाड, आखूड, खडबडीत, तो पाय पुसायचा. त्यानं तोंड पुसून "टॉवेल चांगला नाही" म्हणणारे बरेच असतात.

किटलीत फक्त पाणी. दूध तापवलं की तळाला करपतं आणि वास महिनाभर जात नाही, मॅगीचंही तेच. चहाच्या पुड्या, साखर, दूध पावडर आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या असतील तर त्या बहुधा खोलीच्या भाड्यातल्याच असतात. छोट्या फ्रिजमधल्या थंड पेयांना मात्र पैसे पडतात. देवपूजेचा नेम असणाऱ्यांनी उदबत्ती आधी विचारून लावावी, छताला धुराचं यंत्र असेल तर ते देवाचा धूर आणि बिडीचा धूर असा भेद करत नाही. दार ओढलं की आपोआप लागणाऱ्या कुलपाच्या हॉटेलात टॉवेलवर बाहेर डोकावू नये, एवढं सांगितलं की पुढचं कळतं.

लग्नवाल्यांनी खोली दिली असेल तर एक प्रश्न आधीच विचारून टाकावा, आणि तो हॉटेलला नव्हे तर लग्नवाल्यांना: खोलीतल्या चहा-नाश्त्याचं बिल कोणाच्या नावावर? यावरून सोयरीकीत आलेला कडवटपणा पुढच्या पिढीपर्यंत टिकतो. आपण स्वतः खोली घेतली असेल तर नाश्ता भाड्यात आहे का ते विचारावं. असेल तर तो साधारण साडेसात ते दहा या वेळात खाली वाढून घ्यायचा असतो, हवा तेवढा आणि तिथंच बसून, डब्यात भरून न्यायचा नाही. ताडोब्याला सफारीसाठी पहाटे निघायचं असेल तर तोच नाश्ता बांधून द्या असं आदल्या रात्री सांगितलं तर देतात. आणि ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे खोली घेतल्यावर कळलेले लोकही कमी नाहीत.

बिल उभ्याउभ्या पाहू नये, बसून पाहावं. रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर खोलीवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तो १२ टक्के होता, जुना आकडा अजून कोणी लावत असेल तर बोट ठेवून दाखवावं. जीएसटी घेणाऱ्याच्या बिलावर पंधरा अक्षरी नंबर छापलेला असलाच पाहिजे, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं. नंबर नाही, तर कर घ्यायचा अधिकारही नाही. "सर्व्हिस चार्ज" हा वेगळा प्रकार आहे, तो सरकारी कर नव्हे. तो आपोआप बिलात घालता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढा म्हटलं की काढतात. नाही काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर काउंटरसमोरच लावावा, बहुतेक वेळा पहिल्या रिंगलाच बिल दुरुस्त होतं. रूमबॉयच्या हातावर वीस-पन्नास रुपये ठेवायचे ते आपल्या खुशीनं.

निघताना दाराची मागची बाजू, उशीखालची जागा, आरशासमोरचा खण, चार्जरची पिन, फ्रिजमधलं इन्सुलिन आणि बाथरूमच्या खुंटीवरचं मंगळसूत्र बघावं. मंगळसूत्र तिथंच सापडतं, डोक्यावरून आंघोळ करताना काढून ठेवलेलं.

त्या दारव्ह्याकडच्या बाईनं सकाळी खोली झाडून काढली होती म्हणे. झाडू नव्हता, तर ओल्या फडक्यानं. चादरींच्या घड्या घालून गादीच्या पायथ्याशी ठेवल्या होत्या, साबणाच्या वड्या कागदासकट तशाच, पाण्याच्या दोन्ही बाटल्यांचं सील शाबूत. रूमबॉय म्हणाला, खोलीत कोणी राहून गेलं की नाही हेच कळेना. त्यानं पट्टी खाचेत सारून दाखवली, खिडकी लावली, एसी सुरू करून चोवीसवर आणला. मुलानं ती पट्टी तीनदा काढून तीनदा घातली. बापानं फक्त एक विचारलं, रात्रीपासूनचा पहिला प्रश्न.

"बारापर्यंत खोली आमचीच हाय नं?"

हो म्हटल्यावर तो दोन्ही बाटल्या उघडून एक आईला देत पलंगावर टेकला. पावणेबाराला रूमबॉय आठवण द्यायला वर गेला. दार ठोठावलं तर मुलानं बोटभर उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. फटीतून गार हवा आली. आत म्हातारी, आई, बाप, लहानी, सगळे रजईत.

"अरे, लग्न साडेअकराचं होतं नं तुमचं?"

"बाबा म्हन्ते, दीडाच्या आत कायचं लागते."